खोक्यावरची '१०० वर्षे' आणि त्यांच्या डोक्यावरची चांदणी (*)

या फोटो प्रिंटरची स्पेसिफिकेशन्स तुम्हाला ठाऊक असतीलच. प्रिंट देखणे येतात, आवाज जरा जास्त करतो, तो विषय संपला. मला बोलायचंय खोक्यावरच्या '१०० वर्षे' या आकड्याबद्दल, म्हणजे प्रिंटचा रंग इतकी वर्षं टिकेल या दाव्याबद्दल.

भिंतीवर उघडा चिकटवलेला प्रिंट काही महिन्यांतच तांबूस पडला. तिथे ऊन येत नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला. "सर, शाई, कागद ओरिजिनलच ना?" दोन्ही ओरिजिनल, बिलं आहेत. "मग फ्रेम केला होता का?" फ्रेम! खोक्यावरचं हसरं कुटुंब उघडाच फोटो हातात धरून उभं आहे की!

मग त्या आकड्याच्या डोक्यावरची बारीक चांदणी दिसली, आणि भिंग घेऊन माहितीपत्रक वाचलं. १०० वर्षे अंधाऱ्या अल्बममध्ये. काचेमागे त्याहून बरीच कमी. उघड्या हवेत सगळ्यात कमी, आणि तो आकडा आतल्या पानावर. ही डाय शाई (म्हणजे रंग विरघळवलेली) आहे आणि कागद सच्छिद्र, म्हणून प्रिंट बाहेर येताच कोरडा असतो. त्याच गुणावर मी भाळलो होतो. पण त्याच छिद्रांतून हवेतला ओझोन आत शिरतो, शाईतला सायन (हिरवट निळा) रंग आधी खातो आणि उरतो तो तांबडेपणा.

इथवर एकच तारा देणार होतो. पण त्याच पाकिटातला काचेमागचा प्रिंट काढून पाहिला, अल्बममधलाही. दोन्ही ठणठणीत. म्हणजे शाई ठीक आहे, खोटं बोलतंय ते खोकं.

काचेमागचा आकडासुद्धा जपूनच घ्यावा. एवढी वर्षं कोणी थांबलेलं नसतं. प्रखर दिव्याखाली प्रिंट ठेवायचा, ठरावीक टक्के रंग उडेपर्यंत, आणि तेवढा प्रकाश घरात किती वर्षांत पडेल ते मांडायचं. घरातला उजेड किती धरायचा, यावरच मेख. प्रिंट किती टिकतात हे तपासणारी विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था रोज १२ तास ४५० लक्स (उजेडाचं माप) धरते, कोडॅकने १२० धरले होते. तोच प्रिंट १२० च्या हिशेबाने १०० वर्षे टिकला, तर ४५० च्या हिशेबाने २७ सुद्धा भरत नाहीत. कोणाचाही दावा वाचताना आधी लक्स बघा. तो छापलेलाच नसेल तर आकडा सोडून द्या.

पिगमेंट शाईचा (जिच्यात रंग विरघळलेला नसून बारीक कणांच्या रूपात असतो) प्रिंटर घ्यावा का? मनात आहे, पण या शाईचे न फोडलेले संच पडलेत, ते संपेपर्यंत नाही. तोवर भिंतीवरचा प्रत्येक फोटो काचेमागे. एका फ्रेमच्या पैशांत किती प्रिंट निघतात, हे मात्र खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही.

प्रिंटरला चार तारे, खोक्याला शून्य.