मल्टी-करन्सी अकाउंटचा रिव्ह्यू : रेट हलला की काय वाचतं आणि काय नाही

पगार एका चलनात आणि घराचा हप्ता, आईबाबांचा खर्च, सुट्टीची तिकिटं दुसऱ्याच चलनात, असा ज्यांचा संसार आहे त्यांच्यासाठी लिहितेय. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या टाइपची बरीच ॲपं आहेत आणि काम थोड्याफार फरकाने सारखंच. एका खात्यात डॉलर, युरो, पाउंड, येन असे वेगवेगळे कप्पे, या कप्प्यातून त्या कप्प्यात पैसे हलवायचे, सोबत एक कार्ड, झालं.

आधी चांगलं सांगते. सर्च केल्यावर जो रेट दिसतो ना, खरेदी आणि विक्रीच्या बरोब्बर मधला, तोच रेट इथे मिळतो आणि फी वेगळी, डोळ्यांसमोर लिहिलेली असते. माझ्या ॲपमध्ये ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडते. आता 'झीरो कमिशन'ची पाटी लावणारे काय करतात तर रेटच तीन टक्के वाईट देतात, म्हणजे दूध फुकट म्हणायचं आणि साय आधीच काढून ठेवायची. २,००० युरो पाठवायचे तर तीन टक्क्यांनी ६० युरो जातात, अर्ध्या टक्क्याने १०. हे दर महिन्याला धरा आणि वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. वर्ल्ड बँकेच्या आकड्यांप्रमाणे २०० डॉलर घरी पाठवायचा जगातला सरासरी खर्च अजूनही ६ टक्क्यांच्या वर आहे, आणि तो २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं हे संयुक्त राष्ट्रांचं टार्गेट. त्यामुळे इथे ॲपला पूर्ण मार्क.

पण लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, की असं अकाउंट घेतलं म्हणजे रेट पडला तरी आपलं काही बिघडत नाही. बिघडतं हो. २३ जून २०१६ च्या रात्री ब्रेक्झिटची मतमोजणी सुरू होताना पाउंड १.५० डॉलरच्या जवळ होता, सकाळपर्यंत १.३३ च्या आसपास आपटला. पाउंडात पगार आणि डॉलरमध्ये हप्ता असणाऱ्याचे १,००० पाउंड झोपताना १,५०० डॉलर होते, उठल्यावर १,३३०. त्यात कुठलं ॲप फीमध्ये किती वाचवतंय याला काय अर्थ उरतो सांगा.

उलटंही होतं. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही ही मर्यादा अचानक काढून टाकली आणि दिवसभरात युरो जवळपास एका फ्रँकवर आला. स्वित्झर्लंडमध्ये नोकरी आणि सीमेपलीकडे फ्रान्स नाहीतर जर्मनीत घर असलेल्यांचा ५,००० फ्रँकचा पगार सुमारे ४,१७० युरोवरून ५,००० च्या घरात गेला, बसल्या जागी. आणि त्याच दिवशी पोलंडमध्ये ज्यांनी व्याज कमी म्हणून फ्रँकमध्ये घरकर्ज घेतलं होतं त्यांचं कर्ज तिथल्या चलनात, झ्लॉटीत, तेवढंच फुगलं.

आता रेट अलर्ट. या फीचरची सगळे तारीफ करतात, मला मात्र ते डेंजर वाटतं. अमुक रेट आला की फोन वाजणार, ठीक आहे, पण मग माणूस हप्त्याची तारीख आली तरी 'अजून थोडा वर जाईल' म्हणत बसतो आणि पैसे पाठवणं बाजूला राहून सट्टा सुरू होतो. शिवाय मोठी उलथापालथ अलर्ट देऊन येत नाही, इजिप्तने ६ मार्च २०२४ ला आपल्या पाउंडचा रेट बाजारावर सोडून दिला तेव्हा डॉलरचा रेट ३१ वरून एका दिवसात ५० च्या आसपास गेला, त्यात नोटिफिकेशन येऊन करणार काय? आणि दिरहॅम-डॉलरचा अलर्ट लावणाऱ्यांना तर माझा नमस्कार, तो रेट १९९७ पासून ३.६७२५ ला बांधलेला आहे 😄 हां, पण दिरहॅमवाल्यांनी युरोकडे जरूर बघावं. जुलै २०२२ मध्ये युरो वीसेक वर्षांत पहिल्यांदा डॉलरच्या बरोबरीला आला तेव्हा त्यांच्यासाठी युरोप आपोआप स्वस्त झाला होता, पगारात काहीही न वाढता.

त्यापेक्षा रेट लॉक वापरा. फी भरायची तारीख आणि रक्कम पक्की असेल, मुलांची कॉलेजची टर्म वगैरे, तर आजच रेट बांधून घ्यायचा, पुढे काहीही होवो. छोटी ॲपं फक्त काही तासांचा लॉक देतात, महिन्यांचा हवा असेल तर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा व्यवहार आजच ठरवलेल्या रेटने करायचा करार, लागतो आणि त्याला थोडं डिपॉझिट ठेवावं लागतं. फॉरवर्डचा रेट आजच्यापेक्षा वेगळा दिसला म्हणून लगेच फसवलं म्हणू नका, तो दोन चलनांच्या व्याजदरातल्या फरकातून येतो, कुणाच्या भविष्यवाणीतून नाही.

प्रवासात कार्ड मस्त चालतं. मशीन विचारतं की तुमच्या चलनात घेऊ का इथल्या, तेव्हा डोळे झाकून इथल्या म्हणायचं, नाहीतर दुकानदाराच्या बाजूचा रेट लागतो आणि ॲपचा सगळा फायदा तिथेच संपतो. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती रिफंडची. हॉटेल कॅन्सल केलं की साध्या कार्डावर पैसे परत येताना त्या दिवशीच्या रेटने येतात, मधे रेट हलला असेल तर कमी-जास्त मिळतात. इथे येनच्या कप्प्यातून दिलेले येन येनच्या कप्प्यातच परत येतात, जेवढे गेले तेवढेच. येन २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला १०३ च्या आसपास होता, जुलै २०२४ मध्ये १६१, म्हणजे ४०,००० येनची रूम ३८८ डॉलरवरून २४८ वर. फिरायला जाणाऱ्यांची चंगळ, पण येनमध्ये पगार घेणाऱ्याला घरी जायचं तिकीट तेवढंच महाग झालं हे फोटो टाकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आता तक्रारी. शुक्रवारी रात्री बाजार बंद झाला की सोमवारपर्यंत ॲप जास्तीचं मार्जिन लावतं, आणि ते बारीक अक्षरात असतं, त्यामुळे पैसे बदलायचे तर गुरुवार-शुक्रवारीच बदला. मोठी रक्कम आली की पैसे कुठून आले म्हणून कागदपत्रं मागतात, मागू देत, नियम आहे, पण तोपर्यंत खातं गोठलेलं आणि चॅटवर तेच ते ठरलेलं उत्तर, हप्त्याची तारीख तोंडावर असताना हे फार चिडचिड करणारं आहे. आणि अशी बरीच ॲपं बँक नसतात, ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवतात खरे, पण बँकेच्या ठेवीसारखा विमा असेलच असं नाही, तेव्हा बचत इथे साठवू नका, महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार वीकेंडच्या मार्जिनचा कापला, एक त्या चॅटवाल्यांचा.