मिनँडरचे ड्राख्म आणि दीड हजाराचा यूएसबी मायक्रोस्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे डब्यावरच्या ‘१०००एक्स’चा (हजार पट मोठं दाखवण्याच्या दाव्याचा) फुगा फोडत बसत नाही. १७-१८ मिलिमीटरच्या चांदीच्या नाण्याला तीस-चाळीस पट पुरतं आणि तेवढं हा देतो. स्टँड डुगडुगतो, चालतंय. माझं भांडण आहे ते भिंगाभोवतीच्या आठ एलईडींशी. आठच्या आठ एकदम लागतात, एकदम विझतात. चाक फिरवून उजेड कमी-जास्त होतो, पण एका बाजूचा बंद करायचा तर सोयच नाही. दीड हजारात एक स्विच जड झाला होता का?

घेतला होता इंडो-ग्रीक राजा मिनँडरच्या (आपला मिलिंद तो हाच) ड्राख्मांचे (चांदीच्या नाण्यांचे) ठसे जुळवायला, म्हणजे कुठली नाणी एकाच ठशातून निघाली ते बघायला. ठसा म्हणजे नाणं पाडायचा कोरीव साचा. ही नाणी हाताने पाडलेली. छाप्याचा, म्हणजे राजाच्या चेहऱ्याचा ठसा खाली ऐरणीत बसवलेला. काट्याचा, म्हणजे वज्र फेकणाऱ्या ग्रीक देवी अथेनाचा, वर. घणाचा मार वरचा खातो, म्हणून तो सहसा आधी कामातून जातो आणि एकाच छाप्याबरोबर वेगवेगळे काटे सापडतात. अशी साखळी लागली की नाण्यांचा क्रम लावता येतो, तोही बराचसा तड्यांवरून. ठशाला तडा गेला की नाण्यावर त्याची उठावाची रेघ येते आणि पुढच्या नाण्यांवर ती लांबत जाते. नाण्यावर मागाहून पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो.

आता चहूबाजूंनी सारखा उजेड टाका आणि सांगा बघू, कुठली रेघ उंच आणि कुठली खोल! सावलीच पडत नाही. मिनँडरचा गाल भाकरीसारखा सपाट दिसतो. पूर्वी संशोधक मूळ नाण्याऐवजी प्लास्टरच्या छापांवरून ठसे जुळवायचे ते उगाच नाही. पांढऱ्या प्लास्टरला चकाकी नसते. इथे चांदी, आणि वर आठ दिव्यांचे आठ ठिपके.

पहिले काही आठवडे माझं मत ‘एक तारा, तोही डब्याला’ असंच होतं. मग इन्सुलेशन टेपच्या बारीक पट्ट्या कापून पाच एलईडी झाकले, वर डावीकडचे तीन उघडे ठेवले. नाण्यांच्या कॅटलॉगांतही बहुतेक फोटोंना उजेड वरून किंवा वर डावीकडूनच असतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. आणि काय सांगू, वस्तूच बदलली! माझ्याकडच्या दोन ड्राख्मांवर राजाच्या डोक्याला बांधलेल्या पट्टीचं मागचं टोक ‘बासिलेओस’ (ग्रीकमध्ये ‘राजाचा’) या अक्षरांतल्या अल्फाच्या (ग्रीक A) पायाला अगदी एकाच जागी टेकलेलं दिसलं. कानामागच्या तीन बटा तशाच. हनुवटीखालची रेघ दोन्हीकडे उठावाची, एकावर जरा लांब. म्हणजे ते नंतरचं. शिवाय एकाचा छापा इतका सरकलेला की खालचं ‘मेनान्द्रू’ (‘मिनँडरचा’) अर्धं काठाबाहेर गेलंय. हे चांगलंच लक्षण. ठसा एक, पण काठ आणि सरक वेगळी, तर पाडलेलं नाणं. काठ, सरक, ओरखडे सगळंच हुबेहूब असतं तर ओतीव नकलेचा वास आला असता. त्या रात्री मी पाच तारे दिले असते.

द्यायचे राहिले ते बरं झालं. मागच्या महिन्यात केबल मुळाशी सैल झाली. धरून बसलं तर चित्र, सोडलं की काळं. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिसवाल्याने डबा उघडला, टेप बघितली आणि म्हणाला, “सर, तुम्ही यात फेरफार केलाय.” अहो, टेप आहे ती, सोलली की निघते! केबलचा आणि टेपचा संबंध काय, हे विचारलं तर “पॉलिसी आहे.” दुरुस्तीचे साडेपाचशे मागितले. लॅमिंग्टन रोडला तशी केबल साठ रुपयांत मिळाली, सोल्डरिंग भाच्याने करून दिलं.

तीन तारे. घ्यायचाच असेल तर टेप डब्यातच ठेवा, आणि दुरुस्तीला न्यायच्या आधी सोलून घ्या.