शिफ्टचे आठ महिने: कागदावर १६ मिमी, हातात १०

शिफ्ट म्हणजे कॅमेरा न वाकवता लेन्स सेन्सरला समांतर वर किंवा बाजूला सरकवणं, उंच इमारती सरळ टिपायला. ती किती मिळेल याचा हिशेब लेन्स घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन केला होता. इमेज सर्कल, म्हणजे लेन्स सेन्सरच्या जागी पाडते ते गोल चित्र, ९० मिमी; सेन्सर ५३.४ × ४० मिमी. फ्रेम आडवी धरली तर वर साधारण १६ मिमी राइज (वरच्या बाजूची शिफ्ट), बाजूला साडेतेरा. गणित बरोबरच आहे, पायथागोरसचं आहे. तरी आठ महिने इमारती टिपल्यावर, माझ्या ३५ मिमी समरूप रचनेच्या (पुढची-मागची भिंगं साधारण सारखी असलेल्या) लेन्सवर मी १० च्या पुढे सहसा जात नाही.

सुरुवातीला भाड्याची, समोरून प्रकाश घेणाऱ्या सेन्सरची डिजिटल बॅक (कॅमेऱ्याच्या मागे लावायचा सेन्सरचा भाग) होती. ६ मिमीलाच फ्रेमची एक बाजू जांभळट, दुसरी हिरवट. अशा सेन्सरमध्ये वायरिंग प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या वर असतं आणि कडेला तिरपा येणारा किरण शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो. रुंद समरूप लेन्सची मागची काच सेन्सरला अगदी चिकटून असते, म्हणून तिथे हा त्रास जास्त. एलसीसी प्लेटने, म्हणजे लेन्ससमोर दुधी पांढरी पट्टी धरून घेतलेल्या फ्रेमवरून सॉफ्टवेअरने केलेल्या दुरुस्तीने, छटा गेली. पण विटांच्या भिंतीचा रंग कडेला फिका पडला तो पडलाच. सांडलेला रंग कुठलंही सॉफ्टवेअर वेचून आणत नाही.

मग फेज वनची आयक्यू४ १५० घेतली. तिचा सेन्सर पाठीमागून प्रकाश घेतो, त्यामुळे रंगाची कटकट खूपच कमी झाली. उरला तो अंधार. सर्कलच्या अगदी कडेला ३५ मिमीवर किरणाचा कोन ५२ अंशांच्या आसपास जातो आणि कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने प्रकाश जवळजवळ पावणेतीन स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). एलसीसी तो उचलते, आणि सोबत शॅडोतला (गडद भागातला) नॉइज, म्हणजे रवाळपणाही. निळं आकाश खपून जातं. छपराखालची सावली नाही. सेंटर फिल्टर (मधोमध गडद असलेली काच) लावला तर कडा सुधारतात, पण एक्स्पोजर लांबतं. वाऱ्यात झाडं हलत असतील तर मी तो पिशवीतच ठेवतो.

३२ मिमीची रिट्रोफोकस लेन्स (मागची काच सेन्सरपासून लांब ठेवणारी रचना) मात्र १४ पर्यंत बिनतक्रार जाते. सर्कल तेवढंच, ९०. जड आहे, महागही, पण किरण सेन्सरवर बरेच सरळ पडतात. तिच्या आतली चकती मात्र सर्कल सुरीने कापल्यासारखं कापते. एकदा संध्याकाळी १७ वर नेली. काळ्या आकाशात वरच्या कोपऱ्यातला काळा कंस स्क्रीनवर दिसलाच नाही. घरी शॅडो उचलल्यावर दिसला, आणि तो शॉट गेला.

माझ्या फार उशिरा लक्षात आलेली गोष्ट: फ्रेम उभी केली की राइज घटून साडेतेरा होतो, पण लेन्सच्या अक्षापासून (मध्यापासून) वर ४० मिमीपर्यंत दृश्य मिळतं, आडव्या फ्रेममध्ये ३६. उंच इमारतीला आकडा कमी, पोहोच जास्त. आधी मी उगाच आडव्यावर अडून बसायचो.

७० मिमी सर्कलच्या लेन्सबद्दल विचाराल तर या सेन्सरवर राइज अडीच मिमी. त्याला शिफ्ट म्हणणं धाडसाचं. ४४ × ३३ च्या लहान सेन्सरवर तीच लेन्स ११ च्या आसपास देईल.

ॲपर्चर एफ/११. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, त्यामुळे डिफ्रॅक्शन (लहान ॲपर्चरमुळे येणारा मऊपणा) मधोमध जाणवतं, पण शिफ्ट केलेले कोपरे एफ/८ वर मला मऊ वाटतात. एलसीसी प्लेट जागेवर विसरलात तर घरी घेता येते. लेन्स, ॲपर्चर, फोकस आणि शिफ्टचा मिलिमीटर मात्र तोच हवा. म्हणून प्रत्येक फ्रेमचा मिलिमीटर वहीत लिहितो. प्लेटच्या फ्रेमवरून धुळीचे डागही काढता येतात, पण सेन्सरवरची धूळ घरी येईपर्यंत हललेली असू शकते; ती तेवढी वहीत लिहून पकडता येत नाही.

३५ मिमी लेन्सच्या शिफ्टच्या स्केलवर १० पाशी लाल टेप आहे. परवा एक पांढरी काँक्रीटची इमारत होती, रंग नाही, खोल सावली नाही. टेप ओलांडून १३ वर गेलो, आणि फाइल चालली.