टफन म्हणून साधी काच बसवली आणि ६६,२४० रुपये घेतले

आईच्या हाताला अकरा टाके पडले, म्हणून हे लिहितोय. नाहीतर लाजेपायी गप्पच बसलो असतो.

गेल्या मे महिन्यात पुण्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला स्लायडिंग दार आणि दोन खिडक्या करून घेतल्या. दार ५६ स्क्वेअर फूट, खिडक्या ४०. आठ एमएम टफन काच (भट्टीत तापवून मजबूत केलेली), सेक्शन म्हणजे चौकटीच्या पट्ट्या आणि फिटिंगसकट स्क्वेअर फुटाला ६९० रुपये दर. एकूण ६६,२४०. त्यातले ४०,००० यूपीआयने ॲडव्हान्स दिले, २६,२४० काम संपल्यावर रोख. 'बिल घेतलंत तर अठरा टक्के वर पडतील' असं काम घेणारा काचवाला म्हणाला, म्हणजे ११,९२३ रुपये. मी बिल घेतलं नाही. यावर मला शहाणपण शिकवू नका. घराचा हप्ता चालू आहे, पाऊस तोंडावर होता, आणि त्याने आमच्याच बिल्डिंगमधल्या चार घरांची कामं केली होती. त्या चारही घरी जाऊन मी विचारलंही होतं. आता कळतंय की त्यांनाही आपली काच कुठली आहे ते माहीत नव्हतं.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं, तो सांगतो.

दाराचं तिसरं तावदान चौकटीत बसेना. पाऊण इंच जास्त होतं. त्याने हॉलमध्ये आमचीच जुनी गोधडी अंथरली, तावदान आडवं टाकलं, फडक्याने रॉकेल पुसलं, पट्टी धरली आणि काच कापायची हिरकणी ओढली. चर्र आवाज झाला. मग खालून दोन टिचक्या, आणि पाऊण इंचाची पट्टी सरळ सुटून हातात आली. दुसरं टोक मी स्वतः धरलं होतं. मी विचारलंसुद्धा, 'टफन काच अशी कापता येते?' म्हणाला, 'आपल्याकडे जर्मन हिरकणी आहे, साहेब.' आणि मी आत जाऊन चहा सांगितला.

टफन काच कापता येत नाही. कुठल्याच हिरकणीने नाही. आधी मापात कापतात, भोकं पाडतात, कडा घासतात, मग भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. त्यामुळे बाहेरचा थर दाबात राहतो आणि आतला ताणात. अशा काचेवर हिरकणी खोल गेली की सगळं तावदान जागच्या जागी भुगा होतं. त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये काच नीट कापली गेली, हाच पुरावा होता. तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

ऑगस्टमध्ये आई वाळलेले कपडे घेऊन आत येताना दाराच्या ट्रॅकला अडखळली आणि हात काचेवर आपटला. टफन असती तर साखरेच्या खड्यांसारखे बोथट तुकडे पडले असते. इथे हातभर लांब, विळ्याच्या पात्यासारखे तुकडे पडले. दवाखान्याचं बिल १८,७०० रुपये.

नवी काच बसवायला आलेल्या कारागिराने तुटका तुकडा उचलला, कडेवरून नखाच्या अंतरावर बोट फिरवलं आणि म्हणाला, 'साधी आहे. कड घासलेलीच नाही.' दहा सेकंद लागले त्याला. कोपऱ्यातला 'टफन' लिहिलेला स्टिकर नखाने निघून आला. खऱ्या काचेवर शिक्का उमटवलेला असतो, तो खरवडून जात नाही. 'शिक्का सेक्शनच्या आत गेला' असं कोणी म्हणालं तर बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढायला लावा. काच बसवायच्या आधी जमिनीवर असतानाच बघा.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, 'बिल आहे का?' व्हॉट्सॲपवर त्या काचवाल्याने '८ एमएम टफन' असं लिहून दर दिलाय, पैसे गेल्याची नोंद आहे, तुटके तुकडे पोत्यात भरून आणलेत, सगळं दाखवलं. 'दिवाणी मॅटर आहे.' तीनदा गेलो, तीनदा हेच. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात तर कहर झाला. अशा सुरक्षा काचेला २०२० च्या आदेशाने आयएसआय मार्क सक्तीचा केलाय ना, मग कारवाई करा, म्हटलं. उत्तर काय, तर 'मार्कचा गैरवापर झाला असेल तर आम्ही बघू, तुमच्या काचेवर मार्कच नाही!' म्हणजे खोटा मार्क मारणारा चोर आणि मार्कच न मारणारा साव? सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं निदान नोटीस बोर्डावर लावा. ते म्हणाले, वाद नको. आईचा हात त्यांनी पाहिलाय.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा. आणि बिल घ्या. अठरा टक्के देऊन घ्या.

घरात बसलेली काच तपासायची असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून सकाळी किंवा संध्याकाळी निळ्या आकाशाचा उजेड पडत असताना तिरकं बघा. टफनमध्ये बहुतेक वेळा काळसर ठिपके किंवा पट्टे दिसतात, साधीत काही दिसत नाही. बाहेरचा आवाज अडवायला मध्ये पोकळी असलेल्या दुहेरी काचेचे पैसे मोजले असतील तर रात्री काचेसमोर लायटर पेटवा. काचेत ज्योतीची प्रतिबिंबं मोजा: चार ज्योती दिसायला हव्यात, दोनच दिसल्या तर काच एकेरी. आयएसआय मार्कखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे.

माझ्या उरलेल्या दोन तावदानांना आणि खिडक्यांना सध्या सेफ्टी फिल्म लावलीय, त्याचे ७,६०० वेगळे गेले. आईने बाल्कनीत जाणं सोडलंय, कपडे आता बाथरूममध्ये वाळतात. तो माणूस आमच्या मागच्या नव्या टॉवरमध्ये कामं घेतोय. परवा त्याचा टेम्पो दिसला, मागे काचा उभ्या केलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर तोच निळा स्टिकर होता.