‘आय-सेव्हन’च्या स्टिकरवर गेलेले ५८,००० रुपये

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे असताना मी घरच्या ध्वनिमुद्रणासाठी एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारी पेटी) आणि एक कंडेन्सर मायक्रोफोन असा संच ५८,००० रुपयांना घेतला. त्यातला मायक्रोफोन सोडला तर एकही वस्तू सांगितली होती तशी निघाली नाही. आपल्या खानदेशात आज गावोगावची मुले अहिराणी गाणी घरच्या खोलीत रेकॉर्ड करू लागली आहेत आणि कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आले की घरचे लोक त्यांना सामान घेऊन देतात. ज्या रीतीने मला फसवले गेले, त्याच रीतीने ही मुले फसू शकतात, म्हणून हा अनुभव तपशिलासह लिहीत आहे.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. यावल तालुक्यातल्या तिच्या माहेरची गौराईची आणि झोक्यावरची गाणी तिला तोंडपाठ आहेत, आणि आखाजीला माझ्या दोन्ही आत्या माहेरी आल्या की तिघी मिळून ती म्हणतात. मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर जास्त आणि शब्द कमी ऐकू येत असत, त्यामुळे या वेळी ती नीट जतन करायची, असे मी ठरवले होते. मी शाळेत शिक्षक आहे. संगणकावर निकालपत्रके करण्यापलीकडे मला त्यातले काही कळत नव्हते. हे विक्रेत्याने पहिल्या पाच मिनिटांतच ओळखले असावे.

हा विक्रेता मला ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून मिळाला, आणि माझ्या मेहुण्यांच्या ओळखीतला निघाला. ओळखीचा माणूस म्हटला की आपल्याकडे बिल मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे मानले जाते, आणि तीच माझी पहिली चूक झाली. ‘म्युझिक प्रॉडक्शन पीसी, आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी, नवा कोरा, पॅक’ असा त्याचा संदेश होता. (आय-सेव्हन हे इंटेल कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरांचे नाव.) किंमत ४२,००० रुपये. नामांकित परदेशी कंपनीचा दोन इनपुटचा इंटरफेस ११,५०० रुपयांना आणि मायक्रोफोन ४,५०० रुपयांना. पक्के बिल घेतले तर १८ टक्के जीएसटी वर पडेल, असे तो म्हणाला. मी कच्च्या पावतीला तयार झालो, १०,००० रुपये यूपीआयने एका खासगी नावाच्या खात्यावर आणि बाकीचे ४८,००० रोख दिले. “सर, आय-सेव्हन आहे, दहा वर्षे मागे वळून बघायला नको,” हे त्याचे वाक्य मला अजून आठवते.

सामान घरी आले त्या दिवशी सर्व काही सुरू झाले. कॅबिनेटला रंगीत दिवे होते, समोर चकचकीत स्टिकर होता, आणि विक्रेत्याच्या मुलाने सोबत ‘दीड लाखाचे सॉफ्टवेअर’ फुकट टाकून दिले होते. ते चालावे म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवा आणि इंटरनेट शक्यतो जोडू नका, असेही त्याने बजावले. आपल्याला चोरीचे सॉफ्टवेअर दिले जात आहे आणि तेच निमित्त करून संगणक इंटरनेटपासून, म्हणजे तपासणीपासूनही, दूर ठेवला जात आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

आखाजीच्या दुपारी आईच्या कानाला हेडफोन लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केले. पहिल्या दोन ओळी म्हणून ती थांबली. पुन्हा सुरू केले, पुन्हा दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचा ताल सुटला. साठ वर्षे जे गाणे तिने न अडखळता म्हटले, ते तिला म्हणता येईना. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि विचारले, “मना आवाज माले उशिरा काबर ऐकू येस रे भाऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये बफर कमी केला की आवाजात तडतड येई, वाढवला की आवाज मागे पडे; आणि दुपार चढत गेली तशी वाढवलेल्या बफरवरही तडतड सुरू झाली. शेवटी आत्यांनी मोबाइलवरच गाणी म्हटली आणि दुसऱ्या दिवशी त्या आपापल्या गावी गेल्या.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे कळले, आणि ते प्रत्येक खरेदीदाराला माहीत असायला हवे. मायक्रोफोनमधला आवाज संगणकात जाताना आणि परत हेडफोनमध्ये येताना लहान लहान तुकड्यांत साठवला जातो. त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १२८ नमुन्यांच्या बफरला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तर १,०२४ नमुन्यांच्या बफरला सुमारे २३. आवाजाला जाताना आणि येताना असे दोनदा थांबावे लागते, शिवाय ड्रायव्हरचा, म्हणजे इंटरफेस आणि संगणक यांचा मेळ घालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वेळ वेगळा. माझ्या संचावर १,०२४च्या खाली आवाज स्वच्छ येत नव्हता, म्हणजे आईला स्वतःचा आवाज जवळपास पन्नास मिलिसेकंद उशिरा ऐकू येत होता. दहा-बारा मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की गाणाऱ्याला तो खटकू लागतो. संगणक मंद असला तरी चांगल्या इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय असते, तिच्यात मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला मिळतो आणि उशिराचा प्रश्नच उरत नाही. माझ्या इंटरफेसवर त्या नावाचे बटण होते. ते दाबले काय आणि न दाबले काय, काहीच फरक पडत नव्हता.

भुसावळला माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याच्याकडे संपूर्ण संच घेऊन गेलो. त्याने कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरचा पंखा काढला, उष्णता पंख्याकडे वाहून नेणारी, पण वाळून खडूसारखी झालेली पेस्ट कापसाने पुसली आणि धातूच्या झाकणावर कोरलेला आकडा मला वाचायला सांगितला. आय-सेव्हन २६००, ३.४० गिगाहर्ट्झ. “सर, हा दुसऱ्या पिढीचा आहे, २०११ सालचा,” तो म्हणाला. शेवटचे तीन आकडे सोडले की आधी जो आकडा उरतो ती पिढी: २६०० म्हणजे दुसरी, ८७०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. (अलीकडच्या ‘कोअर अल्ट्रा’ नावाच्या आणि लॅपटॉपमधल्या काही प्रोसेसरांना हा हिशेब लागू होत नाही.) म्हणजे विक्रेत्याने ‘आय-सेव्हन’ हा शब्द खोटा वापरला नव्हता, आणि या फसवणुकीची ताकद नेमकी त्यातच आहे. २०२२ साली आलेला बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री, त्यालाही चारच कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) असताना, या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. आवाजाच्या कामात एका ट्रॅकवरचे इफेक्ट एकामागून एक चालवावे लागतात, त्यामुळे एकेका कोअरचा वेग सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि जुना प्रोसेसर तिथेच कमी पडतो.

मदरबोर्ड कोणत्याही ओळखीच्या कंपनीचा नव्हता. जुन्या प्रोसेसरसाठी आजही बनणाऱ्या स्वस्त बोर्डांपैकी तो एक होता. रॅम सोळा जीबी होती, पण डीडीआर-थ्री जातीची, म्हणजे आजच्या नव्या प्रोसेसरांच्या बोर्डांत न बसणारी. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने ‘नव्या’ एसएसडीचे (माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचे) वापरलेले तास दाखवले: १९ हजारांहून अधिक. सतत चालू धरली तरी ती दोन वर्षांहून जास्त वापरलेली होती. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर असेल तरच मायक्रोसॉफ्ट तिला मान्यता देते. माझ्या संगणकावर तपासणी चुकवून ती बसवली होती. आणि त्या दुपारी तडतड का वाढत गेली, तेही समजले. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापत होता आणि तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करत होता. आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात बाहेरच पारा ४४-४५ वर जातो, त्यामुळे पंखा आणि पेस्ट यांची चौकशी इथल्या माणसाने तरी आधी करायला हवी.

नंतर त्याने इंटरफेस हातात घेतला. खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आवाज नोंदवण्याच्या बारकाईचे आकडे छापले होते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये मात्र १६ बिट, ४८,०००च्या वरचा एकही पर्याय दिसत नव्हता. खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि इंटरफेसच्या तळाचा नंबर जुळत नव्हते. कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पाहिली, तर तळाचा नंबर स्वीकारला गेला नाही. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकला, त्याने वस्तू ओळखलीच नाही. विक्रेत्याच्या मुलाने ‘हाच याचा ड्रायव्हर’ म्हणून जे बसवले होते ते ‘एसिओ-फॉर-ऑल’ होते. ते सॉफ्टवेअर वाईट नाही, परंतु ते कोणत्याही साध्या साउंड कार्डावर चालते, आणि नामांकित कंपनीच्या इंटरफेसबरोबर विक्रेता तेच बसवून देत असेल तर तिथेच शंका घ्यावी.

शेवटी त्याने मल्टिमीटर काढला. कंडेन्सर मायक्रोफोनला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर मिळावा लागतो. इंटरफेसला एक्सएलआर, म्हणजे मायक्रोफोनची तीन पिनांची, केबल जोडून तिच्या दुसऱ्या टोकाच्या १ आणि २ क्रमांकाच्या पिनांवर तो मोजता येतो, आणि चारेक व्होल्ट इकडे-तिकडे चालतात. बटणावर लाल दिवा लागला होता, त्याच्याशेजारी ४८ हा आकडा छापलेला होता. मीटरवर आकडा स्थिर झाला तो १२.३. आईचा आवाज इतका बारीक आणि त्याच्या मागे सतत सूंसूं का येत होती, हे मला त्या काट्याविना मीटरने एका क्षणात सांगितले. मायक्रोफोन चांगला होता. त्याला पुरेशी वीजच मिळत नव्हती.

हे सगळे तपासायला आम्हाला अर्धा तासही लागला नाही. पैसे देण्याआधी दुकानात हीच तपासणी करता आली असती, आणि ती करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून वस्तू घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. बोर्ड आणि प्रोसेसर यांचे संपूर्ण मॉडेल नंबर लिहून मागावेत. संगणक समोर चालू करून सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवावे, कारण विंडोजच्या माहितीच्या पानावर दिसणारे प्रोसेसरचे नाव बदलता येते. इंटरफेसची कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी दुकानात उभे राहूनच करावी. आणि दहा मिनिटे तरी स्वतःच्या आवाजात, हेडफोन लावून, बफर १२८ वर ठेवून रेकॉर्डिंग करून पाहावे. माझा इंटरफेस यूएसबी-थ्रीचा असल्याने महाग आहे, असेही मला सांगण्यात आले होते. वास्तविक ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने २४ बिटच्या दोन चॅनेलना सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे, तेव्हा या कारणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

पक्क्या बिलाविषयी मला सर्वाधिक पश्चात्ताप होतो. जीएसटी क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचे नाव कोणालाही पाहता येते. मी ते केले असते तर त्या नावाने नोंदणी आहे की नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळले असते.

मी विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने आधी ‘सेटिंगचा प्रॉब्लेम आहे’ असे सांगितले, नंतर ‘बदलून देतो’ म्हणाला, नंतर फोन उचलणे बंद केले. मेहुण्यांनी मध्यस्थी केली. ओळख होती म्हणून व्यवहार झाला होता, आणि आता त्याच ओळखीखातर मी गप्प बसावे, अशी अपेक्षा होती. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथून गेलेल्या संदेशाला त्याने उत्तर दिले नाही. स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवल्यावर मात्र त्याने इंटरफेसचे ११,५०० रुपये परत केले. संगणकाबद्दल त्याचे म्हणणे आजही कायम आहे की आय-सेव्हन सांगितला आणि आय-सेव्हनच दिला.

त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्याकडे पक्के बिल नाही. यूपीआयची १०,००० रुपयांची नोंद आहे, एसएसडीचे तास दाखवणारे छायाचित्र आहे, प्रोसेसरच्या झाकणाचे छायाचित्र आहे, आणि त्याचा तो पहिला संदेश मी पुसलेला नाही. माझी संपूर्ण बाजू आता त्या संदेशातल्या ‘नवा कोरा, पॅक’ या शब्दांवर उभी आहे.