टीपॉयची काच आणि न्यूट्रल सिलिकॉन: पावसाळा काढल्यानंतर

तक्रार आधी. सिलिकॉनची 280 मिलीची नळी घ्यायची, त्यातलं जेमतेम दोन चमचे लागणार, उरलेलं नोझलमध्ये दगड होणार. नोझलमध्ये खिळा खुपसून ठेवला, वरून टेप गुंडाळली, तरी महिन्याभरात आत गुठळी. दोनशे-अडीचशे रुपये काचेला कमी आणि कचऱ्याला जास्त गेले.

आमचं घर रत्नागिरीला. टीपॉय म्हणजे दोन उभ्या सागवानी फळ्या, वर 8 मिमीची टफन्ड काच. सुताराने काच दोन ट्यूबा मिसळून लावायच्या पारदर्शक इपॉक्सी गोंदाने चिकटवून दिली होती. गोंद दिसायला काचेसारखाच स्वच्छ, घट्टही. पण जुलैत फळ्या रुंदीला फुगल्या, काच काही फुगत नाही, आणि एका बाजूने सगळं सुटलं. सुटताना पॉलिशचा पापुद्राही घेऊन गेलं, म्हणजे चिकटलं होतं ते पॉलिशला, लाकडाला नव्हेच. खिडकीकडची कड पिवळी पडली होती ती वेगळी.

मग सिलिकॉन, तेही न्यूट्रल, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं. व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिटिक, ते मुद्दाम टाळलं. मागाहून त्याच नळीने आरसा लावायचा मोह होतो आणि आरशाचा मागचा लेप खराब होतो. टेकायच्या जागचं पॉलिश घासून काढलं, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली.

पहिले काही दिवस माझं मत वाईट होतं. काच ढकलली की किंचित हलायची. इतके पैसे घालून रबर लावलंय की काय, असं वाटलं. पावसाळा गेल्यावर मत बदललं. तेच हलणं कामाला आलं, लाकूड सरकलं तरी जोड शाबूत. फक्त काचेखाली पातळ पारदर्शक बंपर (चिकटवायच्या छोट्या मऊ टिकल्या) ठेवा, म्हणजे मध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा थर राहतो. दाबून सपाट केलं तर ताणायला काही उरतच नाही.

आणि भरमसाट फासू नका. हे हवेतल्या ओलाव्याने कडेकडून सुकतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. काचेतून ओलावा जात नाही, त्यामुळे रुंद लपका आत ओलाच राहतो. बारीक रेघ पुरे.

दिसण्याबद्दल: ‘क्लिअर’ लिहिलेलं असलं तरी जाड थर जरा दुधाळ दिसतो. बाहेर ओघळलेलं लगेच पुसा, नंतर ब्लेडशिवाय निघत नाही, आणि लाकडावर राहिलं तर त्यावर पुढे पॉलिश धरत नाही.

पुढच्या वेळी टूथपेस्टसारखी छोटी ट्यूब. मिलीमागे महाग पडते, पण निदान संपते तरी.