नाशिकचं कॅथेड्रल: भुसावळहून जाणाऱ्यांसाठी

पाच स्टार. जायचंच असेल तर पवित्र आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, तेलाच्या मिस्सेला (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) जा. कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं चर्च, आणि आपलं जळगाव, धुळे, नंदुरबार सगळं 1987 ला पुण्यातून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतातच (एका बिशपांच्या हाताखालचा भाग) येतं, त्यामुळे हे आपलंही चर्च आहे बरं का, परकं समजू नका. त्या मिस्सेला गावोगावचे फादर जमतात, बिशप तीन तेलांवर आशीर्वाद मागतात, एक आजाऱ्यांसाठी, एक बाप्तिस्म्याआधी लावायचं, आणि तिसऱ्यात सुगंधी बाल्सम मिसळून बिशप त्यावर फुंकर घालतात तेव्हा मागच्या बाकावरची पोरंपण गप्प होतात. मग तीच तेलं बाटल्यांतून आपल्याकडे येतात. माझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याला फादरांनी तिच्या टाळूला लावलं ते तिथलंच, ताईचे डोळेच भरून आले. आणि सातपुड्यातल्या पाड्यावरच्या आजारी म्हाताऱ्यालाही तिथलंच आजाऱ्यांचं तेल लावतात, मला हे फार मोठं वाटतं. गाडीने नाशिक रोडला उतरा, पुढे रिक्षा. मिस्सेचा दिवस आधी आपल्या फादरांना विचारून घ्या, आणि ऊन कडक असतं, पाणी सोबत ठेवा.